गांजाचा कायदा बदला म्हणणाऱ्या उमेदवाराच्या अर्जावर सूचक म्हणून सही करावी का?

मांद्रेकर मास्तर:

नमस्कार. मी पेडणे तालुक्यातला निवृत्त शिक्षक. आयुष्यभर हायस्कूलात मराठी आणि नागरिकशास्त्र शिकवलं. एका सहीवरून आमच्या घरात आणि वाड्यावर वाद पेटलाय, म्हणून इथे विचारतोय. इथे वकील आहेत, राजकारणात राबलेले आहेत, परदेशात गेलेले गोंयकार आहेत. कोणीतरी नीट सांगेल.

माझा एक माजी विद्यार्थी येत्या विधानसभेला मांद्रे मतदारसंघातून उभा राहतोय. पक्ष नोंदणीकृत आहे, पण मान्यताप्राप्त नाही. त्यामुळे त्याच्या अर्जावर एकाच्या जागी दहा सूचक लागतात आणि त्यातला एक मी व्हावं अशी त्याची इच्छा आहे. पत्रकाचा मसुदा त्याने आणून दाखवला. रस्ते, पाणी, कचरा, जे सगळे लिहितात ते खाली बारीक अक्षरांत, आणि वर ठळक: 'गांजाचा कायदा बदला. रोपट्यासाठी तुरुंग नको.'

हे त्याच्या डोक्यात कुठून आलं ते मला ठाऊक आहे. त्याच्या धाकट्या भावाने घरामागे, विहिरीच्या कठड्याला लागून, दोन रोपं लावली होती. तेलाचे पत्र्याचे डबे, तळाला खिळ्याने भोकं पाडलेले, त्यात माती आणि शेणखत. कोणीतरी कळवलं, धाड पडली. विक्रीचा आरोप कोणी केलाच नाही. तरी गुन्हा नोंदला गेला लागवडीचा. तो मुलगा जहाजावर जायच्या तयारीत होता. मेडिकल झालं होतं, सीडीसी, म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक, हातात होती. पोलीस क्लिअरन्स अडकलं आणि त्याची जागा दुसऱ्याला गेली. खटला अजून चालू आहे. तारीख असली की आई त्याच्याबरोबर कोर्टात जाऊन बसते, तिला आतलं काही कळत नसतं तरी.

मी स्वतः सुपारीदेखील खात नाही. हरमल-मोरजीच्या किनाऱ्यावर वाया गेलेली पोरं पाहिली आहेत, काही माझ्याच वर्गातली. गांजा बरा असं माझ्या तोंडून कधी निघणार नाही. पण दोन डब्यांपायी डोक्यावर दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेची टांगती तलवार, हा मला सरळ अन्याय वाटतो. आणि या निवडणुकीत तो उघड बोलणारा आमच्याकडे हा एकटाच असेल.

विचारायचं ते असं. सही केली तर मी कायद्याच्या कचाट्यात सापडतो का? कायदा केंद्राचा, मग गोव्याचा आमदार त्यात करणार काय? आणि असे उमेदवार जगात आणखी कुठे उभे राहिले का, त्यातून कोणाचं काही भलं झालं का, की नुसती मतं फुटली? मुलगा म्हणतो, 'बाबा, तुमच्या नावाला बट्टा लागेल.' नावाचं मी बघून घेईन. सही फुकट जाऊ नये एवढंच वाटतं.

कोरगावची सुनीता:

मास्तर, राग मानू नका, पण सही करू नका. किनाऱ्याजवळच्या गावांत मुलगा वाढवणं काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. रात्रभर पार्ट्या, भाड्याच्या स्कूटरवरून पुड्या पोचवणारे, कोण कुठला पत्ता नाही. 'गांजाचा कायदा बदला' हे ठळक अक्षरांत वाचलं की सोळा वर्षांचा मुलगा 'आता चालतं' असंच वाचणार. खाली मास्तरांचं नाव असेल तर बघायलाच नको. त्या भावाचं मनापासून वाईट वाटतं. त्याच्यासाठी चांगला वकील करा, वर्गणी काढा, पहिली पावती माझ्या नावाने फाडा. पण ही गोष्ट निवडणुकीत आणायची नव्हे.

म्हापशाची वकील:

मास्तर, पहिल्या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट 'नाही' असं आहे. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या केंद्रीय कायद्याच्या कलम २९ मध्ये गुन्ह्याला चिथावणी देणं आणि कट करणं येतं. 'या, लावा, ओढा' असं कोणी सभेत सांगितलं तर तो वेगळा विषय. 'संसदेने कायदा बदलावा' ही राजकीय मागणी आहे, घटनेच्या कलम १९(१)(क) खाली ती करायचा हक्क प्रत्येकाला आहे. शिवाय सूचक फक्त एवढंच सांगतो की मी या मतदारसंघाचा मतदार आहे आणि या माणसाचं नाव सुचवतो. पत्रकातल्या मजकुराला तो बांधील नसतो.

मात्र सही करणार असाल तर शेवटपर्यंत ठाम राहा. २०२४ मध्ये सुरत लोकसभेला काँग्रेसच्या उमेदवाराच्या सूचकांनी ऐनवेळी 'या सह्या आमच्या नाहीत' असं लिहून दिलं, अर्ज बाद झाला आणि भाजपचा उमेदवार बिनविरोध निवडून आला. सूचकावर दबाव आणायचा हा मार्ग आता सगळ्यांना माहीत झालाय. दहातला एक जरी छाननीत गळला तरी अर्ज गेला समजा.

आता मूळ मुद्दा. कायदा १९८५ चा. त्यात गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा. नुसती पानं आणि बिया, फुलोरा सोबत नसेल तर, व्याख्येबाहेर राहतात. म्हणून तर भांग काही राज्यांत सरकारमान्य दुकानांत मिळते. जवळ बाळगल्याबद्दलची शिक्षा वजनावर ठरते. गांजा १ किलोपर्यंत असेल तर ती 'अल्प मात्रा': १ वर्षापर्यंत कैद, किंवा १० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २० किलोच्या वर 'व्यापारी मात्रा', तिथे किमान १० वर्षं आणि जामीन मिळणं महाकठीण. चरसाला हेच आकडे १०० ग्रॅम आणि १ किलो.

पण झाड लावलं की वजनाचा हिशोबच उरत नाही. कलम २० च्या पहिल्या भागात लागवडीला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड आहे, आणि तिथे 'अल्प' असं काही नाही. डब्यातली दोन रोपं आणि डोंगरावरचा मळा एकाच कलमात. म्हणजे खिशात ९०० ग्रॅम सुका गांजा घेऊन फिरणाऱ्याला जास्तीत जास्त १ वर्ष, आणि विहिरीकाठी दोन डबे ठेवणाऱ्यावर १० वर्षांपर्यंतचं कलम. पोरगा घरी एक झाड लावण्यापेक्षा विकणाऱ्याच्या दारात गेलेला बरा, असा त्याचा अर्थ होतो. न्यायाधीश शिक्षा देताना तारतम्य ठेवतात, पण आरोपपत्रावर कलम तेच राहतं, आणि पोलीस क्लिअरन्स देणारा कलम बघतो, तारतम्य नव्हे. तुमच्या विद्यार्थ्याला सांगा, सगळा जोर इथे लावायचा.

हे कलम बदलायचं तर संसदेतच. पतियाळाचे खासदार डॉ. धर्मवीर गांधी, व्यवसायाने हृदयरोगतज्ज्ञ, यांनी २०१४ नंतरच्या लोकसभेत एनडीपीएस दुरुस्तीसाठी खासगी विधेयकाची खटपट केली. पंजाबात अफूची बोंडं आणि गांजा बंद केल्यावर पोरं रासायनिक नशेकडे वळली, असं त्यांचं म्हणणं. विधेयक पुढे गेलं नाही. ते स्वतः मात्र २०२४ मध्ये पुन्हा निवडून आले, तेव्हा मागणी केल्याने माणूस राजकारणातून उठतो असंही नाही.

आमदाराच्या हातात काय? कलम १० खाली राज्य सरकार परवाने देऊन लागवडीवर नियंत्रण ठेवू शकतं, औद्योगिक धाग्या-बियांसाठी कलम १४ आहे. उत्तराखंडाने २०१८ मध्ये औद्योगिक भांगेच्या लागवडीला परवाना दिला. हिमाचलाच्या मंत्रिमंडळाने जानेवारी २०२५ मध्ये पालमपूर आणि नौणी इथल्या विद्यापीठांमार्फत प्रायोगिक अभ्यासाला मंजुरी दिली. आपल्याकडे डिसेंबर २०२० मध्ये औषधी लागवडीच्या प्रस्तावाला कायदा खात्याने होकार दिल्याची बातमी आली, दोन्हीकडून टीकेची झोड उठली आणि सरकारने हात मागे घेतला. विधानसभेत कोणी एक माणूस कलमं वाचून उभा राहिला असता तर निदान चर्चा झाली असती. शुक्रवारी खासगी ठराव मांडता येतात. 'लागवडीत अल्प मात्रा ठरवा अशी शिफारस हे सभागृह केंद्राला करते' एवढा ठराव एकटा आमदारसुद्धा मांडू शकतो.

एक दाखला परदेशातला, वकिलांना प्रिय. दक्षिण आफ्रिकेत जेरेमी ॲक्टन यांनी डग्गा पार्टी काढली. डग्गा म्हणजे तिकडचा गांजा. निवडणुकांत हाती काही लागलं नाही. पण ते कोर्टातही लढत होते. १८ सप्टेंबर २०१८ ला तिथल्या संविधान न्यायालयाने प्रौढ माणसाने खासगी जागेत स्वतःपुरता गांजा लावणं आणि वापरणं हा गुन्हा राहणार नाही असा निकाल दिला, त्या खटल्यातल्या पक्षकारांत ॲक्टन होते.

पर्थचा पेडणेकर:

मास्तर, नमस्कार. मी मूळचा पेडण्याचाच, कामासाठी पर्थला स्थायिक झालोय. असे उमेदवार निवडून येतात का, याचं उत्तर माझ्या दारातच आहे. येतात.

मार्च २०२१ ला वेस्टर्न ऑस्ट्रेलियाची निवडणूक झाली. लीगलाईज कॅनाबिस नावाच्या पक्षाला दोन टक्क्यांच्या आसपास मतं पडली आणि वरच्या सभागृहात ३६ पैकी २ जागा मिळाल्या. त्यातले एक ब्रायन वॉकर, गावातला डॉक्टर असतो तसे डॉक्टर. २०२५ मध्ये मतमोजणीची पद्धत बदलली तरी ते पुन्हा आले. २०२२ मध्ये व्हिक्टोरियात या पक्षाचे दोघे, २०२३ मध्ये न्यू साऊथ वेल्समध्ये एक. पण हे एका रात्रीत झालेलं नाही. यांचा मूळ पक्ष १९९३ चा. इतकी वर्षं हरण्यात गेली.

जिंकायला लागले ते कधी, ते सांगतो, कारण तुमच्या विद्यार्थ्याला ते उपयोगी पडेल. आमच्या मतदान केंद्राबाहेर, एका शाळेच्या फाटकाशी, सगळ्या पक्षांचे लोक पत्रकं वाटत उभे असतात. या पक्षाची पत्रकं वाटत होती सत्तरीतली एक बाई. घडीच्या खुर्चीवर बसलेली, हातात काठी, पिशवीत औषधाची बाटली. बाटलीवर तिचं नाव, डॉक्टरचं नाव, दिवसाला किती थेंब ते छापलेलं. ती गांजा ओढण्याबद्दल अवाक्षर बोलली नाही. म्हणाली, सांध्यांसाठी हे तेल डॉक्टरने लिहून दिलंय, कायदेशीर आहे, पण रस्त्यात पोलिसांनी लाळेची चाचणी घेतली तर माझा परवाना जाईल. कारण चाचणी अंश सापडतो का एवढंच बघते, माणूस नशेत आहे का ते बघत नाही.

ऑस्ट्रेलियात औषध म्हणून गांजा २०१६ पासून चालतो, पण गाडीचा कायदा जुनाच राहिला होता. या पक्षाने तोच धागा पकडला. व्हिक्टोरियात त्यांच्या दोन आमदारांनी लावून धरलं आणि १ मार्च २०२५ पासून अशा रुग्णाचा परवाना रद्द करायचा की नाही हे ठरवायची मुभा मॅजिस्ट्रेटला मिळाली. 'सगळं खुलं करा' यावर जे साधलं नाही ते 'या बाईचा परवाना काढून घेऊ नका' यावर साधलं. तुमचे दोन डबे तसेच आहेत. त्याने भावाची गोष्ट सांगावी, भावाची परवानगी असेल तर नाव घेऊन सांगावी.

आता दुसरी बाजू. इथल्या वरच्या सभागृहात मतांच्या प्रमाणात जागा मिळतात. मांद्र्यात दोन टक्के मतं म्हणजे घरी जायचं. मग असे पक्ष हरूनही काय करतात, ते न्यूझीलंड आणि कॅनडात बघा. न्यूझीलंडचा गांजावाला पक्ष १९९६ मध्ये पहिल्यांदा उभा राहिला, १.६६ टक्के मतं पडली, ५ टक्क्यांची अट असल्याने संसदेत कधीच गेला नाही. विषय मात्र ग्रीन पक्षाने उचलला. २०१७ मध्ये लेबरला पाठिंबा देताना सार्वमताचं वचन लिहून घेतलं आणि १७ ऑक्टोबर २०२० ला निवडणुकीबरोबरच मतदान झालं. बाजूने ४८.४, विरोधात ५०.७ टक्के. फरक ६७ हजार मतांचा. पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी आपण बाजूने मत दिलं हे निकालानंतर सांगितलं. मला ते आजही लागतं. आधी बोलल्या असत्या तर?

कॅनडात मारिवाना पार्टीने २००० मध्ये ७३ उमेदवार उभे केले, अर्धा टक्का मतं मिळाली. संस्थापक २००५ मध्ये लिबरल पक्षात गेला. त्याच लिबरल सरकारने १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर केला. संस्थापकामुळेच झालं असं मी म्हणणार नाही. पण मोठा पक्ष जेव्हा विषयाला हात घालतो तेव्हा कोणीतरी तो आधीच रस्त्यावर आणलेला असतो.

मांद्रेकर मास्तर:

वकीलबाई, ९०० ग्रॅम आणि दोन डबे, हे मी काल रात्री घरात मोठ्याने वाचून दाखवलं. मुलगा गप्प झाला. माझं नाव याच मतदारसंघाच्या यादीत आहे, भाग क्रमांक आणि अनुक्रमांक काढून ठेवलाय.

सुनीताबाई, तुमचं म्हणणं मी बाजूला सारलेलं नाही. तुमच्या मुलाच्या वयाच्या पोरांना मी शिकवलं आहे आणि ठळक अक्षरांत काय वाचलं जातं हे तुम्ही अगदी बरोबर सांगता.

न्यूझीलंडचं वाचून आपला १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल आठवला. तोही एकाच प्रश्नावर होता, गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही. पक्षांच्या गर्दीतून प्रश्न बाहेर काढून थेट लोकांपुढे ठेवला तर लोक विचार करून मत देतात, हे या भूमीने पाहिलेलं आहे.

निवृत्त सिस्टर, फोंडा:

नोकरीची शेवटची बरीच वर्षं मी मानसिक आजारांच्या वॉर्डात काढली. म्हणून दोन गोष्टी सांगते, आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध वाटतील.

पहिली, गांजाने काही होत नाही असं कोणी प्रचारात म्हटलं तर ते खोटं आहे. कोवळ्या वयात रोज ओढणाऱ्यांत, घराण्यात तसा आजार असेल तर अधिकच, भास आणि संशयाचा आजार उफाळून येतो. आई जेवण वाढते त्यात विष आहे म्हणून ताट भिरकावणारा मुलगा मी हाताळलेला आहे. आणि आताचा हायड्रोपोनिक, मातीशिवाय पाण्यावर वाढवलेला माल जुन्या गांजापेक्षा कितीतरी जहाल.

दुसरी. असा मुलगा दवाखान्यात येतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. आईबाप आधी देवळात कौल लावतात, मग नातेवाईकांकडे गावाला पाठवतात, दारं लावून घरात ठेवतात. विचारलं की उत्तर एकच: 'सिस्टर, पोलिसांना कळलं तर?' त्या भीतीने कोणाचं ओढणं थांबलेलं मी पाहिलं नाही. उपचार मात्र लांबतात. कायद्यात कलम ६४अ आहे, अल्प मात्रेत सापडलेला व्यसनी स्वतःहून उपचाराला तयार झाला तर त्याला खटल्यातून सूट मिळू शकते. हे किती आईबापांना माहीत आहे? कोणताही उमेदवार दारोदार जाऊन एवढं जरी सांगत फिरला तरी मी त्याला चहा पाजीन.

खुला बाजार मला नकोच. थायलंडचं बघा, आपल्या पर्यटनवाल्यांच्या तोंडी सारखं थायलंड असतं. भूमजाईथाई पक्षाने २०१९ च्या निवडणुकीत घरटी सहा झाडांचं आश्वासन दिलं, नेते आरोग्यमंत्री झाले, जून २०२२ मध्ये गांजा बंदीच्या यादीतून काढला. पण नियमन करणारा कायदा संसदेत अडकला. गल्लोगल्ली दुकानं लागली, पोरंसोरं आत. जून २०२५ मध्ये पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणावं लागलं. आधी नियम, मग सूट. उलट केलं की सुनीताताईंना जी भीती वाटते ती खरी होते.

मास्तर, त्याच्या पत्रकात वयाची अट घाला, एकवीसच्या खाली अजिबात नाही. आणि प्रत्येक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा समुपदेशक बसावा ही मागणी घाला. ती तर आमदार पहिल्याच वर्षी करून घेऊ शकतो.

कोरगावची सुनीता:

सिस्टर, 'पोलिसांना कळलं तर' हे वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. आमच्याच नात्यात असं झालं आहे. माझं मत अजून बदललेलं नाही. पण वयाची अट बारीक अक्षरांत नको, पहिल्या ओळीत हवी.

बूथवरचा जुना कार्यकर्ता:

मी सगळं आयुष्य मतदारयाद्या आणि बूथ यात घालवलं, तेव्हा त्या बाजूने बोलतो.

अनामत १० हजार. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं पडली तरच परत. २५ हजार मतदान झालं तर चार हजारांच्या वर लागतात. ती मिळणार नाहीत, पैसे गेले धरून चाला. पण गोव्यात छोट्या आकड्यांना किंमत आहे. २०२२ मध्ये सांत आंद्रेत रिव्होल्युशनरी गोवन्स पक्षाचा विरेश बोरकर ७६ मतांनी निवडून आला. मुख्यमंत्री सांखळीत ६६६ मतांनी आले. आपल्या मतदारसंघात चारशे मतं घेणारा माणूससुद्धा निकालाची दिशा फिरवू शकतो, म्हणून त्याचं म्हणणं ऐकायला मोठे पक्ष दारात येतात.

आणि म्हणूनच पहिल्या दिवसापासून एक आरोप होणार: 'हा कोणीतरी मतं फोडायला उभा केलाय.' अमेरिकेत मिनेसोटात हेच झालं. तिथल्या गांजावाल्या पक्षाला २०१८ मध्ये एका पदासाठी पाच टक्के मतं मिळाली आणि मोठ्या पक्षाचा दर्जा मिळाला. अर्ज भरणं सोपं झालं, तर काही जागी समोरच्या गोटातल्यांनीच डेमोक्रॅटांची मतं खायला उमेदवार शोधून उभे केल्याचे आरोप झाले. शेवटी २०२३ मध्ये तिथे गांजा कायदेशीर केला तो डेमोक्रॅटांनी. तेव्हा खर्चाचा हिशोब रोजच्या रोज लोकांपुढे ठेवायला सांगा. देणगी कोणाची, छपाई कुठे, गाडी कोणाची. शॅकवाला किंवा पार्टीवाला कोणी पैसे द्यायला आला तर हात जोडून परत पाठवायचं. एक पावती तशी निघाली की दोन डब्यांची गोष्ट संपली.

एका मुद्द्याच्या पक्षाचं म्हणाल तर मगोपकडे, महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाकडे बघा. १९६३ चा पक्ष, विलीनीकरण हा त्याचा झेंडा. जनमत कौलात ३४ हजार मतांनी तो मुद्दा हरला. त्यानंतर काही आठवड्यांतच विधानसभा झाली आणि भाऊसाहेब बांदोडकर ३० पैकी १६ जागा घेऊन पुन्हा सत्तेत आले. कारण विलीनीकरणाच्या मागे कुळांची जमीन होती, गावात शाळा हवी होती, बहुजन समाजाचा मान होता. लोकांनी त्याला मत दिलं. तुमच्या विद्यार्थ्याचं पत्रक गांजापाशी सुरू होऊन गांजापाशी संपलं तर किनाऱ्यावरची काही पोरं हसून टाळ्या देतील आणि मतदानाला झोपून राहतील. ते पत्रक कोर्टात बसणाऱ्या आईपाशी, अडकलेल्या क्लिअरन्सपाशी, जहाजावर जाणाऱ्या पोरांपाशी गेलं पाहिजे. पेडण्यात असं घर प्रत्येक वाड्यावर आहे.

मांद्रेकर मास्तर:

सगळ्यांचे आभार. मी सही करतोय.

काल संध्याकाळी तो आला होता, तुमचं सगळं छापून आणलं होतं मी, ते समोर ठेवलं आणि पत्रक पुन्हा लिहिलं. वर आता असं आहे: 'एकवीस वर्षांखाली गांजा नको. विक्रेत्याला सवलत नको. घरामागच्या रोपट्याला दहा वर्षांचं कलमही नको.' त्याखाली विधानसभेच्या ठरावाचा मजकूर, वकीलबाईंच्या शब्दांत. मग कलम ६४अ सोप्या मराठीत आणि आरोग्य केंद्रात समुपदेशकाची मागणी. गांजाच्या पानाचं चित्र छापायचं होतं त्याला, ते काढायला लावलं. खूप वाद घातला त्याने. त्याच्या बरोबरची पोरं चित्राशिवाय उत्साह कसा येणार म्हणतात. शेवटी भावानेच सांगितलं, चित्र नको, माझा फोटोही नको, नाव घाला.

'गांजा' हा शब्द तरी काढून 'वनस्पती' लिहा असं माझ्या मुलाने सुचवलं. ते मीच नाकारलं. ज्यासाठी मत मागायचं त्याचं नाव स्वच्छ घ्यावं.

खर्चाची वही मी ठेवणार आहे. दर रविवारी त्यांच्या सोप्यावर भिंतीला लावू, कोणीही येऊन बघावी. सूचक मात्र अजून सहाच झालेत. दोघांनी आधी हो म्हणून घरच्यांमुळे नकार दिला, त्यांना मी दोष देत नाही.

म्हापशाची वकील:

मास्तर, सहावर थांबू नका आणि दहावरही नाही. एका उमेदवाराला चार अर्जांपर्यंत भरता येतात. निदान दोन भरा, दोन्हींवर वेगवेगळे दहा सूचक, म्हणजे एका अर्जात कोणी मागे फिरलं तरी दुसरा उभा राहतो. शेवटच्या दिवसाची वाट बघू नका, चूक निघाली तर दुरुस्तीला वेळ हवा. प्रतिज्ञापत्रात उमेदवाराने स्वतःवरचे खटले लिहायचे असतात, भावावरचा नव्हे, तिथे गोंधळ नको. प्रत्येक सूचकाचं नाव, भाग आणि अनुक्रमांक ताज्या मतदारयादीशी ताडून मला पाठवा. फी नको. यादी आली की मी स्वतः तपासून देते.